इंजिन बसले म्हणण्याआधी



या वेळचा अग्रलेख कापसाच्या भावाबद्दल नाही, जीपगाडीबद्दल आहे. बैठकीत काहीजण हसतील. हसू द्या. त्या जीपपायी आपल्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरातला बारा क्विंटल कापूस गेला आणि तो जावा असा सल्ला देणारा माणूसच हा अग्रलेख लिहितो आहे. घरातल्या घरात चूक कबूल करून भागले असते, पण जिल्ह्यात अशा जुन्या डिझेल गाड्या गावोगाव आहेत आणि तीच चूक पुढच्या महिन्यात दुसऱ्या तालुक्यात होणार आहे. म्हणून हिशेब छापून मांडतो.

कार्यकर्त्याचे नाव सांगत नाही. तालुका त्यांना बापू म्हणतो, तेवढे पुरे. त्यांची जीप पंचवीस वर्षांच्या वरची. बाजार, बियाणे-खत, लग्नाचे वऱ्हाड, आपल्या बैठका, सगळे तीच करते. पावसाळ्यात काळ्या मातीचा रस्ता चिकटला की नवी गाडी फाट्यावर थांबते आणि ही चारही चाके लावून गावात शिरते. दोन बाळंतिणी या जीपमुळे तालुक्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचल्या. कागदावर ती बापूंची आहे, पण अडचणीच्या रात्री ती गावाची असते.

२०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही आठजण तिच्यात बसून पुसदकडच्या घाटातून चाललो होतो. जो चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये काढायची, तिथे दुसरा टाकावा लागला, मग पहिला, आणि मग तिने मानच टाकली. बंद पडली नाही. सुरू होती, पण ओढेना. उतरलो, चहा घेतला, बिड्या झाल्या. दहा मिनिटांनी गाडी अशी निघाली की काही झालेच नव्हते. चार-पाच किलोमीटर गेल्यावर पुन्हा तेच. पुन्हा थांबलो, पुन्हा बरी झाली. असे चार वेळा.

मी बापूंच्या शेजारी बसलो होतो. मी शेतकीचा पदवीधर. गावात माझ्या शब्दाला जरा वजन आहे, आणि वजन असले की माणूस न बघता बोलायला लागतो. मी म्हणालो, "बापू, इंजिन बसलं. पंचवीस वर्षं झाली, आणखी किती ओढणार?" शहरातल्या गॅरेजात नेली. तिथल्या फिटरने उभ्या गाडीला दोनदा रेस दिली, कान लावला आणि तेच सांगितले, फक्त माझ्यापेक्षा भारी शब्दांत: कॉम्प्रेशन गेले, बोअर-पिस्टन करावे लागेल, पंच्याऐंशी हजार. दोघांचे मत एक झाले म्हणजे ते खरेच असणार, असे बापूंना वाटले. मलाही वाटले.

आता पंच्याऐंशी हजार म्हणजे किती? २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा जाहीर हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. त्या भावाने बारा क्विंटल. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर तीन एकरांचा सगळा कापूस. बी, खत, फवारणी, निंदण, वेचणी त्यातून वजा न करता. आणि बापूंना घाई होती म्हणून कापूस गावातच खेडा खरेदीवाल्याला घातला; त्याने हमीभाव दिला नाही हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

नव्या पिस्टनवर जीप वीस दिवस बरी चालली. एकविसाव्या दिवशी, त्याच घाटात, त्याच वळणावर तिने पुन्हा मान टाकली.

तेव्हा कुठे आम्ही आपल्या तालुक्यातल्या ट्रॅक्टर मिस्त्रीकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. आधी बापूंना खाली बसवले आणि विचारले, "सकाळी सेल्फला किती वेळ घेते?" बापू म्हणाले, अर्ध्या चकरीत लागते, पहिल्यापासून. "ऑईल खाते का?" नाही. "घाटात मान टाकते तवा धूर कसा?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. धूर नव्हताच. "आन् थांबली की बरी होते?" हो. चाचांनी पाच लिटरचा एक स्वच्छ कॅन घेतला, डिझेल भरले, टाकीकडून फीड पंपाकडे येणारी नळी सोडवली आणि पंपाला कॅनमधून डिझेल पाजले. कॅन पुढच्या बाजूला सायलेन्सरपासून दूर, घट्ट बांधला, सगळ्यांच्या बिड्या विझवल्या आणि बापूंना म्हणाले, जा घाटात.

जीप तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढली.

टाकी खाली उतरवली. डिझेल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक जाळी असते. तिच्यावर सुताचा आणि तुसाचा वाटोळा गोळा बसलेला होता, शेवाळासारख्या गाळाने चिकटलेला. दोन वर्षांपूर्वी टाकीचे झाकण हरवले, तेव्हापासून तोंडाला फडक्याचा बोळा कोंबलेला. कापसाच्या खेपा झाल्या, धूळ आणि तूस बोळ्यावर बसले, बोळा विरत गेला आणि त्याचे धागे टाकीत उतरले. गाडी जोरात ओढायला लागली की धागे जाळीला चिकटत, थांबली की सुटून तळाला बसत. म्हणून दहा मिनिटांच्या विश्रांतीने गाडी बरी होत होती. टाकी धुणे, दोन्ही फिल्टर, नवे झाकण आणि मजुरी मिळून अठराशे रुपये झाले. चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडी उपाशी होती साहेब. उपाशी माणसाचं तुम्ही ऑपरेशन केलं."

हे वाक्य मला गेले कित्येक महिने झोपू देत नाही.

डिझेल इंजिनाचे शास्त्र समजायला अवघड नाही, आणि ते समजून घेतले की अर्धी फसवणूक टळते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आपले इंजिन चालवून दाखवले त्यात आणि बापूंच्या जीपमध्ये मूळ युक्ती एकच आहे. पेट्रोल गाडीत ठिणगी पेटवते; इथे ठिणगी नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा फवारा सोडायचा. तो आपोआप पेटतो. म्हणजे ताकदीला चार गोष्टी लागतात: पुरेशी हवा, पुरेसे डिझेल, चांगला दाब आणि फवाऱ्याची बरोबर वेळ. चारांपैकी दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, दुरुस्त करायला सगळ्यांत महाग. आणि गंमत अशी की गॅरेजात सगळ्यांत आधी त्याचेच नाव निघते.

डिझेल उपाशीपणाची खूण मी आता पाठ केली आहे. ताकद कमी, पण काळा धूर नाही. मोकळ्या रस्त्याला ठीक, चढाला आणि भरलेल्या गाडीला गळपटते. थोडे थांबले की बरी. अशी गाडी आली की टाकीपासून सुरुवात करायची. मान टाकली की त्याच जागी आधी टाकीचे झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा सूं आवाज आला आणि गाडी चालू लागली, तर झाकणाचे किंवा ब्रीदरचे हवेचे भोक बुजले आहे. टाकीत हवा शिरत नाही म्हणून डिझेल बाहेर येत नाही. बाटली उलटी धरली की पाणी जसे अडकत अडकत येते, तसेच. हा रोग सुईने बरा होतो. तसे नसेल तर चाचांचा कॅन. कॅनवर गाडी ओढली तर दोष टाकी, जाळी किंवा नळीत. कॅनवरही ओढली नाही तर दोष फीड पंप, फिल्टर किंवा त्याच्या पुढे. एका खेपेत अर्धी गाडी संशयातून मोकळी होते.

आणखी एक बारकावा. जुन्या जीपची टाकी इंजिनाच्या खाली असते, फीड पंप डिझेल वर ओढतो. त्यामुळे या बाजूच्या नळीला चीर पडली तर डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. "कुठेही गळत नाही" म्हणून आपण निश्चिंत होतो आणि गाडी एअर पकडत राहते. सकाळी सेल्फ खूप मारावा लागतो, चढाला गाडी धक्के देते. फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती लावा. बुडबुडे जाताना डोळ्यांनी दिसतात. जुनी रबरी नळी कडक होते, क्लिपजवळ फाटते. ती बदलायला शे-दोनशे रुपये लागतात. एअर काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचे, फेस जाऊन स्वच्छ डिझेल आले की आवळायचा, मग तेच पंपावर. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून.

डिझेलमधले पाणी हा आपल्याकडचा दुसरा रोग. अर्ध्या टाकीने गाडी थंडीत रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर थिजते आणि पाणी तळाला जाते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी आणि जीवाणू वाढतात. बापूंच्या जाळीवरचा चिकट गाळ तोच. आपण मोटारपंपासाठी डिझेल कॅनमध्ये भरून ठेवतो. तो कॅन कधी तणनाशकाचा असतो, कधी झाकणाऐवजी त्याला गवताचा बोळा असतो. रॉकेल मिसळण्याची जुनी खोडही काहीजणांना आहे. डिझेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. रॉकेल पातळ, त्याने पंपाचे दांडे झिजतात आणि मग खरोखरच मोठा खर्च उभा राहतो. पंपावर डिझेल घेताना घनता तपासून मागण्याचा आणि पाच लिटरच्या मापाने मोजून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो कोणी मागत नाही, म्हणून माप धूळ खात पडलेले असते.

आता धुराचे. चढाला काळा धूर आणि ताकद कमी, तर डिझेल जाते आहे पण हवा पुरत नाही, किंवा फवारा नीट होत नाही. एक लिटर डिझेल जाळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीतल्या हवेचा जवळपास तिसरा हिस्सा, दर लिटरला. आणि ती हवा आपण कोणत्या रस्त्यावरची देतो? हिवाळ्यात कापसाच्या गाड्या चालतात तेव्हा पुढच्या गाडीमागे गुडघाभर धूळ उडते. जुन्या जीपला तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असतो. त्यात तळाला चिखल साचतो. उघडून बघा, बोटाने गाळ मोजा, रॉकेलने धुऊन खुणेपर्यंतच नवे तेल घाला. खुणेच्या वर घातले तर इंजिन तेच तेल ओढून पळत सुटते आणि मग चावीने बंद होत नाही. मी एकदा पाहिले आहे, पुन्हा बघायची इच्छा नाही.

एअर क्लीनर स्वच्छ असूनही धूर काळा, तर नोझल. नोझलने डिझेलचे धुके करायचे असते. झिजले की ते पिचकारीसारखी धार सोडते किंवा थेंब गाळते. कोणते नोझल बिघडले हे ओळखायला इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या नळीची नट अर्धा फेरा सैल करतात. चांगल्या सिलिंडरची नट सैल केली की इंजिन लंगडते. ज्या सिलिंडरला काही फरक पडत नाही, तो आधीच काम करत नव्हता. हे मिस्त्रीने करावे, फडके धरून, डोळ्याला चष्मा लावून. फवाऱ्यासमोर हात कधीही नेऊ नका. या नळीतला दाब शंभर बारच्या पुढे असतो, म्हणजे जीपच्या टायरमधल्या हवेच्या पन्नासपट. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो, वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि दोन दिवसांनी बोट कापावे लागते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच तासाला दवाखाना गाठा आणि डॉक्टरला डिझेल आत गेल्याचे सांगा.

पांढरा धूर गरम इंजिनावरही राहिला तर डिझेल न जळता जाते आहे: पंपाचे टायमिंग मागे गेले असेल, किंवा हेड गॅस्केट जाऊन पाणी आत येत असेल. रेडिएटरचे पाणी कमी होते का बघा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. निळा धूर, ऑईलची रोजची भरती, सकाळी थंड इंजिन लवकर न लागणे, आणि ऑईल भरायचे झाकण काढल्यावर तिथून चुलीसारखा भकाभका धूर, हे चारही एकत्र दिसले तर मात्र इंजिन खरेच झिजले आहे आणि बोअर-पिस्टनवाला फिटर खरे बोलतो आहे. तेव्हाही कॉम्प्रेशनचा गेज लावून चारही सिलिंडरचे चार आकडे कागदावर लिहून मागा. बापूंच्या गाडीत या चारांपैकी एकही लक्षण नव्हते. चाचांनी तीन प्रश्नांत ते काढले. मी आठ तास शेजारी बसून एकही प्रश्न विचारला नाही.

काही वेळा तर दोष इंजिनात नसतोच. अॅक्सिलेटर पूर्ण दाबून एकाला बसवा आणि पंपावरची लिव्हर शेवटच्या टेकूला लागते का बघा. पायाखाली जाड चटई, झिजलेला बुश किंवा ताणलेली तार असेल तर तुम्ही पूर्ण दाबता आणि पंपाला पाऊणच पोचते. पाच किलोमीटर चालवून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या. एकच भट्टीसारखा तापला असेल तर तिथे ब्रेक धरतो आहे आणि इंजिनाची ताकद तो खातो आहे. रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. सहा महिने उभ्या असलेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर केलेलेही निघते. आणि तरुण पोरांनो, रुबाबासाठी मोठे टायर टाकता, टायर दहा टक्के उंच झाला की चाकाशी ओढ जवळपास तेवढीच घटते. मग गाडी नालायक ठरवू नका.

एक सक्त सूचना. काही फिटर दोष न शोधता पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवून देतात. गाडी पंधरा दिवस वाघासारखी पळते, काळा धूर ओकते, आणि मग पिस्टनचे डोके वितळते. काळ्या धुराची गाडी पीयूसीतही नापास होते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली. जुनी गाडी ठेवणाऱ्याने आता तिची तब्येत ठेवलीच पाहिजे.

हे सगळे लिहिताना मला माझा स्वतःचा धंदा आठवत होता. पावसाचा महिनाभर खंड पडतो, मग एका रात्री धो धो पाऊस येतो, आणि दोन दिवसांत बहरातली पऱ्हाटी मान टाकते. आकस्मिक मर. कास्तकार धावत दुकानात जातो. दुकानदार म्हणतो बुरशी, बुरशीनाशक घ्या, सोबत एक टॉनिक. झाड उपटून मूळ कोणी बघत नाही. बघितले असते तर मूळ कुजलेले नाही हे दिसले असते. कोरड्या जमिनीला सवकलेल्या मुळांना एकाएकी पाण्याने गुदमरवले आहे, तेव्हा पहिला उपाय पाणी काढून देणे आणि हवा खेळवणे. वीस वर्षे मी गावोगाव हे सांगत फिरलो की आधी झाड उपटा, मूळ बघा, मग दुकानात जा. आणि जीपच्या बाबतीत मी स्वतःच तो दुकानदार झालो.

गॅरेजवाला चोर होता का? लोक मला विचारतात. मला तसे वाटत नाही, निदान तेवढेच वाटत नाही. विचार करा. चाचांनी अर्ध्या तासात दोष शोधला. त्या अर्ध्या तासाचे आपण त्यांना काय दिले? टाकी धुण्याची मजुरी. दोष शोधण्याचे वेगळे तीनशे रुपये त्यांनी मागितले असते तर आपल्यातलाच कोणी म्हणाला असता, नुसते बघण्याचे पैसे? कृषी केंद्रात सल्ला फुकट आणि औषध विकत. गॅरेजात बघणे फुकट आणि पिस्टन विकत. जिथे सल्ला फुकट असतो तिथे प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी काहीतरी विकत घ्यावेच लागते, कारण दुकानदाराचे पोट त्यावर असते. आपल्या घामाला दाम मागणाऱ्या आपण चाचांच्या डोक्याला दाम दिला पाहिजे. बापूंनी तीनशे दिले असते तर बारा क्विंटल वाचले असते. हा सौदा कोणत्याही बाजार समितीत मिळणार नाही.

तरीही सावधपणा हवाच. काम सुरू होण्याआधी कोणती तपासणी केली आणि काय आढळले ते फिटरकडून लिहून घ्या. काढलेले सुटे भाग परत मागा. पक्के बिल घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली कसूर येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी लागत नाही. पण बापूंकडे पंच्याऐंशी हजारांची फक्त कच्ची चिठ्ठी आहे, तीवर गॅरेजचे नावसुद्धा नाही. ती घेऊन कुठे जाणार?

बापूंना मी विचारले की हे छापू का. ते म्हणाले, "छापा. पण तुम्ही काय म्हणाले ते बी छापा." तेही छापले आहे. त्यांची भरपाई संघटनेने करावी असा ठराव मी मांडणार नाही, कारण ती संघटनेची चूक नव्हती, माझी होती. माझ्या वाट्याला येईल तेवढे मी त्यांना या हंगामात देतो आहे. बापू घेत नाहीत, घरातल्या वहिनींनी घेतले.

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांच्या जीपा ओढत नाहीत त्यांनी त्या घेऊनच या, सकाळी आठला, भाषणांच्या आधी. चाचा कॅन, पारदर्शक नळी आणि नोझल तपासायचा हातपंप घेऊन येणार आहेत. प्रत्येक गाडीमागे तीनशे रुपये, बघण्याचे. येताना तीन गोष्टी वहीत लिहून आणा: सकाळी सेल्फ किती वेळ मारावा लागतो, महिन्याला ऑईल किती घालता, आणि तुमच्या गावाजवळचा कोणता चढ गाडी पूर्वी कोणत्या गिअरमध्ये काढायची आणि आता कोणत्या. आणि ज्यांच्या टाकीला झाकण नाही, फडके आहे, त्यांनी ते फडके वाटेत फेकू नका. घेऊन या. चाचांना ते बघायचे आहे.